तीन किल्ल्यांची तिजोरी

१

डबा रिकामा होता.

हेडबाईंनी तो उलटा केला, हलवला, पुन्हा सुलटा केला आणि आतल्या मखमलीवरून बोट फिरवलं. दागिने काय मखमलीत मुरणार होते? शेवटी त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि कुणाकडे न बघता खुर्चीत बसल्या.

टेबलाभोवती तिघे विश्वस्त होते. शाळेच्या माजी मुख्याध्यापिका, ज्यांना निवृत्तीनंतरही सगळे हेडबाईच म्हणत. गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेले डॉक्टर. आणि इमारती बांधणारा कंत्राटदार, जो या घराचा चुलतभाऊही होता. चौथ्या खुर्चीवर न्यास कार्यालयातून आलेल्या तपासनीसबाई होत्या. ट्रस्टची वस्तू विकायची तर कार्यालयाची परवानगी लागते, आणि ती वस्तू जागेवर आहे हे डोळ्यांनी बघून मगच सही करायची असते. बाईंनी सहीसाठी पेनाचं टोपण काढलंही होतं. ते त्यांनी मुकाट्यानं परत लावलं.

तिजोरीला तीन कुलपं होती. तिघांकडे एकेक किल्ली, आणि तिन्ही लावल्याशिवाय दार हलायचं नाही. आत्ताच तिघांनी आपापली किल्ली बाईंच्या देखत फिरवली होती आणि दार कुरकुर न करता उघडलं होतं. पोलादावर कुठं ओरखडासुद्धा नव्हता.

ही आधी कधी उघडली होती, असं बाईंनी विचारलं. थोरले गेले त्या वर्षी, तिघांनीही एकदम सांगितलं, त्यानंतर आजच.

कंत्राटदारानं फोन काढला. सरळ पोलिसांना बोलवू, तो म्हणाला, उगाच चर्चा करत बसण्यात काय अर्थ आहे? तपासनीसबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. बोलवायला हरकत नाही, पण त्याचा अर्थ ध्यानात घ्या, त्या म्हणाल्या. तिजोरी ट्रस्टची, हे घर ट्रस्टचं, खालचं दुकानही ट्रस्टचंच. तक्रार गेली की चौकशी संपेपर्यंत सगळ्याला सील लागेल. चौकशी केव्हा संपेल ते देवालाच माहीत.

"आणि मग इथं राहणाऱ्या धाकटीताई कुठं जातील?" बाईंनी विचारलं.

खालच्या दुकानातून लोखंडावर कानस फिरल्याचा आवाज येत होता. खरर, खरर, मग थोडं थांबून पुन्हा खरर.

"तिची सोय झालेली आहे," कंत्राटदार म्हणाला. "वृद्धांच्या निवासातली खोली बोलून ठेवलीय. सील लागलं तर आजच नेऊ. नाहीतरी न्यायचीच होती."

बाईंनी उद्या दुपारपर्यंतची मुदत मागितली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना हलवल्या. मग त्यांनी तीन कोरी पाकिटं काढली आणि किल्ल्या कार्यालयाच्या ताब्यात द्यायला सांगितल्या. तशी साधीच गोष्ट, पण तिघांपैकी एकाचाही हात पटकन पुढे आला नाही.

२

तपासनीसबाई या ट्रस्टला तो झाला तेव्हापासून ओळखत होत्या. तो केला होता थोरल्यांनी.

थोरले म्हणजे खालच्या दुकानाचे कुलूपवाले. त्यांना एकच बहीण, ती धाकटी. गल्लीनं दोघांची हीच नावं कायम केली होती. धाकटीचे केस पिकले, गुडघे बोलायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. स्वयंपाक, दुकान, गिऱ्हाईक, सगळं तिला जमायचं. जमत नव्हतं ते एकच, कागद. समोर कागद आला की कागदवाला माणूस एकदाचा टळावा म्हणून तो दाखवील तिथं ती सही करायची. एका गोडबोल्या माणसानं अशाच सह्या घेऊन तिच्या वाट्याचा दुकानामागचा अर्धा कारखाना लाटला होता. तिथं आता त्याचं गोदाम आहे. तिला मात्र कुणी काही नेलं याचं फार वाईट वाटलं नव्हतं. थोरल्यांना वाटलं होतं.

तेव्हा ते कार्यालयात आले आणि म्हणाले, हिला सगळं द्यायचंय, पण हिच्या हातून कुणाला काढून घेता येऊ नये असं काही असतं का?

असतं, बाईंनी सांगितलं होतं. देणारा एक, सांभाळणारे दुसरे, आणि ज्याच्यासाठी सांभाळायचं तो तिसरा. मालकी कागदोपत्री विश्वस्तांच्या नावानं, उपभोग मात्र बहिणीचा. विश्वस्तांनी त्यातला फायदा स्वतः घ्यायचा नाही. थोरल्यांना ते चटकन कळलं. "म्हणजे दुरुस्तीला आलेल्या कुलपासारखं," ते म्हणाले. "हातात माझ्या असतं, माझं नसतं." इतक्या वर्षांत ट्रस्टची याहून सोपी व्याख्या बाईंना कुणी सांगितली नव्हती.

नुसतं लिहून भागत नाही, हेही त्यांनी थोरल्यांना बजावलं होतं. घर, दुकान, आईचे दागिने, जे काय द्यायचं ते विश्वस्तांच्या ताब्यात खरोखर द्यावं लागतं. आणि अशा ट्रस्टमध्ये एकदा दिलं की उद्या मन फिरलं म्हणून परत मागता येत नाही. थोरल्यांनी तेही मान्य केलं. फक्त एक शंका काढली. तिघांनी एकमतानंच वागावं, एकट्यानं काही करू नये, याची खात्री काय? तसं आपण दस्तात लिहू, बाई म्हणाल्या.

"लिहिलेलं लोक विसरतात," थोरले म्हणाले. "मी कुलूप करतो."

आणि त्यांनी ही तिजोरी केली. किल्ल्यांचे नमुने स्वतः वितळवून टाकले, म्हणजे नक्कल निघायचा प्रश्नच नको. दस्तात एक कलमही घालून घेतलं, की विश्वस्तानं आपली किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नये, दिल्यास त्याला पदावरून काढावं.

थोरले गेल्यावर धाकटी एकटीच राहत होती, आणि बरी राहत होती. यंदा ती जिन्यावरून पडली. पाय जुळला, पण विश्वस्तांच्या मनानं धसका घेतला. मागच्या आठवड्यात तिघे याच खोलीत बसले आणि एकमतानं ठरलं की आता तिला एकटीला ठेवायचं नाही. दागिने विकून निवासाचे पैसे भरायचे, घर भाड्यानं द्यायचं. हे सगळं ठरत असताना धाकटी त्यांना चहा देत होती.

बेत चांगल्या हेतूचा होता, हे बाईंना दिसत होतं. पण आता डबा रिकामा होता. तिजोरीला तिघांच्या किल्ल्या लागत होत्या आणि तिघांचं एकमेकांशी फारसं पटतही नव्हतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणावं, तर तीन बाजूंच्या तीन कुंपणांनी मिळून खायला हवं होतं. ते कसं जमलं असेल, हेच बाईंना उमगत नव्हतं.

३

त्या आधी दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी पेशंट थांबवले आणि दार लावून घेतलं. किल्ली कायम टेबलाच्या खालच्या खणात असते, ते म्हणाले, खणाला कुलूप, कुलपाची किल्ली खिशात. त्यांनी खण उघडून दाखवला. दवाखान्याच्या भिंतीला ओल होती. खणातल्या कागदांच्या टाचण्या गंजून त्यांचे तपकिरी डाग कागदांवर उमटले होते. संशय कुणावर, असं विचारताच डॉक्टरांनी कानांवर हात ठेवले, आणि मग ते हळूच काढून म्हणाले की, कंत्राटदाराचा त्या जागेवर डोळा आहे हे सगळी गल्ली जाणते. धाकटीची त्यांना मनापासून काळजी वाटत होती. परवाच रक्तदाब बघायला गेलो होतो, ते म्हणाले, चांगला आहे, पण एकटीला चक्कर आली तर?

हेडबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या कपाळावर चष्मा होता आणि त्या चष्माच शोधत होत्या. बाईंनी तो दाखवल्यावर त्या मनापासून हसल्या. किल्ली म्हणाल तर पिठाच्या डब्यात, त्या म्हणाल्या, चोर पिठात हात घालत नाहीत. त्यांनी डबा काढला, आत कोपरापर्यंत हात घालून जागा दाखवली आणि बाहेर आलेली पांढरी बोटं पदराला पुसली. डॉक्टरांची मुलगी परदेशात असते, तिकडे फार खर्च असतो म्हणे, असं त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. काल सकाळीच मी धाकटीला फळं देऊन आले, बिचारी काही बोलली नाही, असंही म्हणाल्या.

कंत्राटदार त्याच्या बांधकामावर भेटला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बुटांवर सिमेंट, आणि दर वाक्यामागे कुणाला तरी हाक. किल्ली या जुडग्यातच असते, त्यानं सांगितलं, झोपताना उशाशी. जुडगा त्यानं बाईंच्या हातात दिला. सगळ्या किल्ल्या एकमेकींवर घासून पांढुरक्या ओरखड्यांनी भरल्या होत्या आणि खाचांमध्ये सिमेंट बसलं होतं.

"घरात सारखी असते ती तुमची बहीणच," बाई म्हणाल्या.

"धाकटीताई?" तो चक्क हसला. "अहो, तिला स्वतःच्या गोळ्या आठवत नाहीत. तिजोरी कुठली उघडतेय." मग त्याचा चेहरा उतरला. जिन्याखाली ती पडलेली मलाच सापडली होती, तो म्हणाला, मीच उचलून नेलं. आज सकाळी मीटिंगच्या आधी जाऊन त्या जिन्याच्या पायऱ्या पुन्हा बघून आलो. उंच आहेत हो फार.

बाई तिथून निघाल्या आणि रस्त्याच्या कडेच्या एका बाकावर बसल्या. पाकिटं उघडून त्यांनी तिन्ही किल्ल्या मांडीवरच्या रुमालावर ठेवल्या.

ओल्या खणातल्या किल्लीवर गंजाचा ठिपका नव्हता. पिठातल्या किल्लीच्या खाचेत पिठाचा कण नव्हता. जुडग्यातल्या किल्लीवर एकही ओरखडा नव्हता. तिन्ही किल्ल्या सख्ख्या बहिणींसारख्या लखलखत होत्या, आणि तिघींनाही एकाच पातळ तेलाचा वास येत होता.

तिघंही खोटं बोलत होते, आणि तिघंही एकच गोष्ट लपवत होते.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वरच्या खोलीत न जाता थेट दुकानात शिरल्या.

दुकान अरुंद होतं. डावीकडे वस्तू आवळून धरायचा शेगडा लावलेलं टेबल, त्यावर कानशी, तारेचे ब्रश, तेलाची बुधली. उजवीकडची अख्खी भिंत फळ्यानं व्यापलेली, आणि फळ्यावर खिळ्या-खिळ्याला किल्ल्या. शेकड्यानं असतील. एकीवरही नाव नाही, चिठ्ठी नाही, खूण नाही. सगळ्यांवर तेलाची बारीक चमक होती.

धाकटी शेगड्यात एक किल्ली आवळून कानस मारत होती. अंगात थोरल्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. सकाळीच उकाडा मी म्हणत होता, पंखा गरम वारा ढकलत होता, आणि तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. बाईंनी स्टूल ओढलं. वयस्कर माणसाशी बोलायचं म्हणून त्या जरा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागल्या.

"मला ऐकू येतं," धाकटी म्हणाली.

बाई ओशाळल्या आणि आवाज खाली आणला. फळ्यावरच्या किल्ल्या कुणाच्या, असं त्यांनी विचारलं. लोकांच्या, धाकटी म्हणाली. गल्लीतल्या सगळ्यांची एकेक जादा किल्ली थोरल्यांच्या काळापासून इथंच असते. कुणी गावाला जातं, कुणी विसरतं, कुणाचं पोर बाहेर अडकतं. दर आठवड्याला सगळ्या उतरवायच्या, पुसायच्या, तेल द्यायचं, परत लावायच्या. नावं कशी लक्षात राहतात, यावर तिनं नुसते खांदे उडवले.

तेवढ्यात एक नर्स दारात आली. काही बोलली नाही. धाकटीनं मान वर करून पाहिलं, हात मागे नेऊन भिंतीवरची एक किल्ली काढली आणि दिली. नर्स हसून गेली. मागोमाग एक माणूस आला आणि शेजारच्या शिंप्याची किल्ली मागायला लागला. मी त्याचा सख्खा भाऊ, तो म्हणाला, त्यानंच पाठवलंय, तो बाहेरगावी अडकलाय.

"ज्यानं ठेवली त्यालाच मिळेल," धाकटी म्हणाली.

तो चिडला, समजूत घालून बघितली, फोन लावून देतो म्हणाला. धाकटीनं कानस उचलली आणि काम सुरू केलं. हात दाखवून अवलक्षण झालं म्हणत तो निघून गेला.

बाईंनी फळ्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. वरच्या ओळीत एका कोपऱ्याला एक खिळा रिकामा होता. मधल्या ओळीत एक. खाली दाराजवळ आणखी एक. एकमेकांपासून चांगले लांब. तिघांचंही सांगणं त्यांना आठवलं. रक्तदाब बघायला आलो होतो. फळं द्यायला आले होते. जिना बघायला आलो होतो.

"इथं आणखी तीन किल्ल्या होत्या का, धाकटीताई?"

"किल्ली कुणाची ते आम्ही सांगत नाही," धाकटी म्हणाली. "दुकानाचा नियम आहे."

"आणि दागिने? ते कुठं असतील असं वाटतं तुम्हाला?"

कानस थांबली. धाकटीनं बाईंकडे पाहिलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती आणि खरं सांगायची इच्छा नव्हती, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"नीट सांभाळलेले असतील," ती म्हणाली, आणि शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसून पुन्हा कामाला लागली. बाहीचं बटण मनगटाशी घट्ट लावलेलं होतं. एवढ्या उकाड्यात, कानस चालवताना.

तपासनीसबाई उठल्या. गेल्या तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ ट्रस्ट पाहिले होते, पण काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो एवढा शब्दशः कधी पाहिला नव्हता. त्यांनी तिघांना फोन करून दुकानातच बोलावलं.

५

दुकानात तिघांना उभं राहायलाच जेमतेम जागा होती. बाईंनी तिन्ही किल्ल्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि विचारलं, यातली कुणाची कुठली, सांगा बघू. तिघं वाकले. हेडबाईंनी डोळ्यांवर चष्मा आणला. कुणालाच सांगता येईना.

मग बाईंनी शांतपणे सांगितलं. दवाखान्याच्या खणात टाचण्या गंजतात, किल्ली गंजली नाही. डब्यात कोपराइतकं पीठ आहे, खाचेत कण नाही. जुडग्यातली प्रत्येक किल्ली खरवडलेली आहे, हीच तेवढी नाही. या तिन्ही किल्ल्या तुमच्या घरी नव्हत्याच. त्या एकाच ठिकाणी होत्या, तिथं दर आठवड्याला पुसल्या जात होत्या, आणि मीटिंगच्या आधी तुम्ही त्या गुपचूप नेल्या. कुणी रक्तदाब बघायला आलं, कुणी फळं घेऊन, कुणी पायऱ्या बघायला.

आधी डॉक्टरच बोलले. मुलीकडे परदेशी जायचं होतं, ते म्हणाले, तेव्हा ठेवली आणि मग इथंच बरी आहे म्हणून राहू दिली. हेडबाई खालमानेनं म्हणाल्या की किल्ली एकदा फ्रिजमध्ये सापडली, तेव्हापासून स्वतःचा भरवसा उरला नाही. कंत्राटदाराचा जुडगा एकदा काँक्रीटमध्ये पडला होता. नशिबानं ती किल्ली त्या दिवशी त्यात नव्हती. त्याच संध्याकाळी तो ती इथं देऊन गेला.

"तुम्हीपण?" हेडबाई दोघांकडे बघत राहिल्या.

चूक तशी साधी होती. गल्लीतला प्रत्येक माणूस हेच करत होता. प्रत्येक विश्वस्ताला वाटलं, आपल्या एकट्याचीच किल्ली तिथं आहे, आणि एकट्या किल्लीनं ती तिजोरी थोडीच उघडते? कलम मोडलं म्हणून प्रत्येकानं तोंडावर बोट ठेवलं आणि धाकटीलाही ठेवायला लावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण इथं तीन मुठी खिळ्यांच्या एकाच फळ्यावर झाकलेल्या होत्या.

"म्हणजे आमच्यापैकीच कुणी तरी इथनं तिन्ही उचलल्या," कंत्राटदार म्हणाला आणि त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं.

"दुसऱ्याची किल्ली मागून बघा," बाई म्हणाल्या. "शेजारच्या शिंप्याच्या सख्ख्या भावाला मिळाली नाही. ज्यानं ठेवली त्यालाच मिळते. त्यामुळं तिन्ही किल्ल्या एका वेळी एकाच माणसाच्या हातात येऊ शकत होत्या." त्या वळल्या. "धाकटीताई, कानस मारताना सगळे बाह्या दुमडतात. तुम्ही का नाही?"

धाकटीनं बाईंकडे पाहिलं, मग चुलतभावाकडे. मग तिनं मनगटाचं बटण काढलं आणि बाही वर केली. हातात सोन्याच्या बांगड्या होत्या, वाजू नयेत म्हणून कापडाच्या पट्टीनं एकत्र बांधलेल्या. दुसऱ्या हातात तशाच. गळ्याचं बटण काढल्यावर आतली साखळी दिसली.

"आईच्या आहेत," ती म्हणाली. "विकायच्या म्हणत होते."

कंत्राटदार मागच्या भिंतीला टेकला.

"ही चोरी झाली," शेवटी हेडबाई पुटपुटल्या. त्यांचं स्वतःचंच मन त्या शब्दाला तयार नव्हतं.

कुणाची, असं बाईंनी विचारलं. दागिने धाकटीच्या वापरासाठी आणि गरजेसाठी ठेवायचे, असं दस्त म्हणतो. ज्याच्या वापरासाठी ठेवले तोच वापरतोय. सांभाळणाऱ्यांचं नुकसान होत नाही, कारण त्यांचं त्यात काही नव्हतंच. अहवालात चोरी लिहिता येणार नाही, आणि पोलिसांचंही काही काम नाही. मोडलं गेलं ते किल्लीचं कलम, ते तिघांनी मोडलं, आणि ते त्या लिहिणार होत्या.

"मीपण मोडलं," धाकटी एकदम म्हणाली. "लोकांची किल्ली मी आजवर वापरली नव्हती. तुमच्या तिघांच्या वापरल्या. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय."

हेडबाईंना रडू आलं. त्यांनी तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

चोरी नसेल तर फारच चांगलं, डॉक्टर म्हणाले, पण मूळ प्रश्न तसाच आहे. ती एकटी राहू शकत नाही, हे डॉक्टर म्हणून त्यांचं मत होतं.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "थोरल्यांनी दिलेली सगळ्यात जोखमीची वस्तू तुम्हाला स्वतःच्या घरात सांभाळता आली नाही. तिघांनाही नाही. तेव्हा तुम्ही तिघांनी, एकमेकांना न विचारता, सगळ्या गावातून एकच माणूस निवडलं. ते माणूस स्वतःचं घर सांभाळू शकत नाही, असं आता मी कसं लिहू?"

बाईंनी पुढची वाट सांगितली. कलमाप्रमाणे तिघांना काढलं तर कोर्ट अनोळखी विश्वस्त नेमेल, आणि ते धाकटीला फक्त कागदावरून ओळखतील. म्हणून त्या शिफारस करणार होत्या की हेच तिघे राहावेत, किल्ल्या उद्यापासून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवाव्यात, आणि कुठलाही निर्णय धाकटीला विचारल्याशिवाय घेऊ नये. त्याची सुरुवात आत्ताच करू, असं म्हणून त्यांनी स्टूल धाकटीसमोर ओढलं.

"तुम्हाला कुठं राहायचंय?"

हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, हे त्या क्षणी सगळ्यांच्याच ध्यानात आलं. धाकटीला विचार करावा लागला नाही.

"इथंच. मी गेले तर लोकांनी घरात शिरायचं कसं?"

डॉक्टर हसले, मग हेडबाई. डॉक्टरांनी आपलं मत बदलल्याचं सांगितलं, हेडबाईंनी मान हलवली. एकमत व्हायला तिसरा हवा होता. कंत्राटदार अजून भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते.

"तू त्या जिन्याखाली पडली होतीस," तो म्हणाला. "किती वेळ पडली होतीस तेही आम्हाला माहीत नाही. मी दार ढकलून आत आलो म्हणून. मला ते परत बघायचं नाही, धाकटीताई. बाकी मला ना ती जागा हवी ना काही."

"तू त्या दिवशी का आला होतास?" धाकटीनं विचारलं.

तो त्याच्या बांधकामाची जादा किल्ली न्यायला आला होता.

"मग असाच येत जा की," ती म्हणाली. "नुसता किल्लीपुरता येतोस."

कंत्राटदारानं भिंतीवरचा हात काढला, तोंडावरून फिरवला आणि बाईंना सांगितलं, लिहा, माझंही मत तेच. मग बहिणीकडे न बघता म्हणाला की रविवारी येतो.

"सकाळी ये," धाकटी म्हणाली. "दुपारी मी झोपते."